किलो, सेंटी, मिली तोंडपाठ आहे पण मापाचा अंदाजच येत नाही, आठवीच्या मुलीचा विज्ञानाचा अभ्यास कसा घ्यावा?

सड्यावरची आई (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा आठवीत गेली, सेमी इंग्रजी आहे म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अभ्यासाचा कंटाळा अजिबात नाही, दिवेलागणीनंतर दोन अडीच तास बसते, मोठ्याने वाचते, पाठ करते, किलो हेक्टो डेका मीटर डेसी सेंटी मिली तर झोपेतून उठवलं तरी म्हणेल. पण गेल्या आठवड्यात वर्गात छोटी चाचणी झाली त्यात वीसपैकी नऊ. पेपर घरी आणला तो मी नीट बघितला. एका द्रवाचं वस्तुमान ४०० ग्रॅम, आकारमान ५०० घन सेमी, घनता काढा. हिने उत्तर लिहिलंय ०.८, नुसतं ०.८, पुढे काहीच नाही. दुसऱ्या गणितात दाब काढायचा होता, खोक्याचा तळ २५०० चौरस सेमी, त्याचे चौरस मीटर करताना हिने १०० ने भागून २५ लिहिलं आणि मग पुढचं सगळंच चुकलं.

मी विचारलं, अगं २५ चौरस मीटर म्हणजे केवढी जागा होते? गप्प. मग ओट्यावरची पाण्याची बाटली दाखवून विचारलं यात किती मावेल, तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणते दोनशे लिटर? माझ्या पोटात गोळाच आला हो. एवढं पाठ करूनही पोरीला माप डोळ्यासमोर येत नाहीये.

आता आमच्या घरात तरी सेंटीमीटर मीटर बोलतंय कोण. ह्यांचं काम चिऱ्याच्या खाणीवर, तिथे सगळं इंचात आणि फुटात, वाळू ब्रासमध्ये, बाग गुंठ्यात, आंबा डझनात नाहीतर पेटीत, सासूबाई अजून तांदूळ पायलीनेच मोजून काढतात. शाळेत मात्र सगळं मेट्रिक. मी स्वतः आर्ट्सची, दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं नाही. गावात क्लास नाही आणि पावसाळ्यात तिला रोज संध्याकाळी बाहेरगावी पाठवायची माझी तयारी नाही. तर घरच्या घरी हे माप डोक्यात कसं बसवायचं, आणि विज्ञान विषयाचा अभ्यास नक्की करायचा कसा, कारण वाचन आणि पाठांतर तर ती करतेच आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.


निवृत्त मास्तर (राजापूर)

ताई, आधी एक सांगतो, मुलीला ओरडला असाल तर आज जवळ घ्या. ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, तुम्ही लिहिलंय ते प्रत्येक वर्गात पाहिलं. शब्द तोंडपाठ आणि हातात मोजपात्र दिलं की पोर भांबावतं. कारण तिने नावं शिकली, मापं अजून शिकलीच नाहीत. विहिरीच्या काठावर बसून पोहायला येत नाही तसंच हे, हातपाय मारायलाच लागतात.

आजच एक पट्टी, शिंप्याकडची टेप आणि स्वयंपाकघरातलं औषधाचं टोपण एवढं तिच्या ताब्यात द्या. करंगळीच्या नखाची रुंदी साधारण १ सेमी असते. तिची वीत मोजू दे, सतरा अठरा सेमी भरेल. दार दोन मीटरच्या आसपास, औषधाचा चमचा ५ मिली, दुधाची लहान पिशवी अर्धा लिटर, मिठाची पिशवी एक किलो. पण ही माझी यादी तिला पाठ करायला देऊ नका!! तिची तिने करू दे, तुमच्याच घरातल्या वस्तूंची. आणि मोजायच्या आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं, मग फरक लिहायचा. हा अंदाज आधी लिहिणं मी कधीच सोडू दिलं नाही, कारण अंदाज न लावता मोजलं तर पोर आकडा वाचतं आणि विसरतं, अंदाज चुकला की मात्र तो आकडा डोक्यात घुसतो. पहिले चार दिवस अंदाज फार चुकतील, चुकू देत.

आता ते चौरस सेमीचं. ही चूक मी शेकड्याने पाहिली आहे आणि फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी जात नाही. एका वर्षी मी शाळेच्या पडवीत खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखला आणि आलेखाच्या कागदाचे १ सेमीचे चौकोन कापून मुलांना सांगितलं, भरा. पाच सहा जणं उकिडवी बसली, एका कडेने एकेक चौकोन लावत गेली, जवळजवळ पाऊण तास गेला तेव्हा कुठे एक ओळ पुरी झाली, शंभर चौकोनांची. एक मुलगी मान वर करून म्हणाली, सर अशा अजून नव्याण्णव ओळी? मी म्हटलं हो. त्या वर्गात परत कुणी चौरस मीटर करायला शंभरने भागलं नाही. शंभर गुणिले शंभर, दहा हजार. म्हणजे तिचा खोका ०.२५ चौरस मीटरचा. तिने लिहिलेले २५ चौरस मीटर म्हणजे जवळपास २७० चौरस फूट, तुमच्या माजघराएवढं खोकं झालं ते. तिला रांगोळीने अंगणात, सध्या पाऊस आहे तर पडवीत, हा चौकोन आखायला सांगा आणि २५ चौरस मीटर म्हणजे असे पंचवीस, ते पडवीत मावतात का बघू दे.

घनमीटरसाठी चिव्याच्या (बारीक बांबूच्या) बारा काठ्या घ्या, प्रत्येकी एक मीटरची, सुंभाने बांधून घन करा. आमच्या वर्गातली सहा मुलं आत बसली होती गुडघे पोटाशी घेऊन. त्या घनात पाणी भरलं तर १००० लिटर, म्हणजे छपरावर असते ती हजार लिटरची काळी टाकी. आणि त्या पाण्याचं वजन हजार किलो, एक टन. इथेच या पद्धतीची खरी गंमत आहे आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकतात. फ्रान्समध्ये १७९१ साली ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, म्हणून तर पृथ्वीचा घेर जवळपास बरोबर चाळीस हजार किमी येतो. मग मीटरवरून लिटर काढला, १० सेमी लांब रुंद उंच डबा म्हणजे एक लिटर, आणि त्या लिटरभर पाण्याचं वस्तुमान म्हणजे किलो. पुढे व्याख्या अनेकदा बदलल्या, आता मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, पण शाळकरी पोराला हा पाण्याचा धागा पकडला की पुरे, १ घन सेमी, १ मिली, १ ग्रॅम पाणी, तिन्ही एकच गोष्ट डोळ्यासमोर येते.

आणि घरातल्या जुन्या मापांना वाईट म्हणू नका. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने सुरू झाली. माझे वडील सांगायचे की दुकानात शेर आणि किलो दोन्ही वजनं शेजारी शेजारी असायची आणि बायाबापड्या विचारायच्या, शेरापेक्षा किलो जास्त की कमी? शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. सासूबाईंच्या पायलीत किती किलो तांदूळ मावतो ते मुलीने मोजावं, पायली गावागणिक थोडी वेगळी असायची त्यामुळे उत्तर पुस्तकात मिळणार नाही, तिलाच काढावं लागेल. सासूबाईंनाही बरं वाटेल.


लॅबमधली (रत्नागिरी)

मी बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आठवीत मीही सेमीला होते आणि मलाही असेच मार्क पडायचे त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. मास्तरांनी मापाचं सांगितलंच आहे, मी अभ्यासाबद्दल लिहिते.

काकू, तिने लिहिलेलं ०.८ चुकीचं नाही पण अर्धवट आहे आणि ते अर्धवट किती महागात पडतं याचा एक खरा किस्सा तिला सांगा. २३ जुलै १९८३, कॅनडातलं बोईंग ७६७ विमान, तेव्हा त्यांच्याकडे नुकतंच पाउंडावरून किलोवर जाणं चाललं होतं. इंधन लिटरमध्ये भरतात पण विमानाला किलोत लागतं, म्हणून घनतेने गुणायचं. त्या इंधनाची घनता लिटरला साधारण ०.८ किलो, तुमच्या मुलीचाच आकडा बघा!, पण सवयीने वापरला गेला १.७७, जो लिटरला पाउंडाचा आकडा होता. कागदावर नुसतं १.७७ होतं, पुढे एकक नव्हतं. परिणाम असा की लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी घेऊन विमान उडालं आणि ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपत आलं, मग एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तसंच तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. मला हा किस्सा आमच्या मॅडमनी अकरावीत सांगितला त्यानंतर मी एकक न लिहिता पुढची ओळ लिहिलेली नाही.

म्हणजे करायचं काय तर एकक फक्त शेवटी उत्तराला चिकटवायचं नाही, पहिल्या ओळीपासून प्रत्येक आकड्यासोबत ओढत न्यायचं. ४०० ग्रॅम भागिले ५०० घन सेमी, उत्तर आपोआपच ग्रॅम प्रति घन सेमी येतं. एककं बीजगणितातल्या अक्षरांसारखी वरखाली कटतात. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला किती मीटर हे ५/१८ चं सूत्र पाठ न करता काढू दे, ७२ किमी म्हणजे ७२,००० मीटर, एक तास म्हणजे ३,६०० सेकंद, भागा, २० मीटर. दोन चार वेळा असं केलं की ५/१८ कुठून आलं ते तिला तिचंच कळतं. आणि शेवटी विचारायचं की हे उत्तर शक्य आहे का, २० मीटर सेकंदाला म्हणजे एसटी एका सेकंदात दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढे जाते, हो, असू शकतं. पण सायकलचा वेग असा आला असता तर परत मागे जायचं.

दुसरं, मोठ्याने वाचणं. मी पण हेच करायचे आणि वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, कारण पुस्तक समोर उघडं असायचं. आता मी एक पान वाचते, पुस्तक मिटते, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते, आकृतीसकट. अडलं की लगेच पुस्तक उघडायचं नाही, दोन मिनिटं डोक्याला ताण द्यायचा, तो ताण म्हणजेच अभ्यास आहे. मग उघडायचं आणि जे राहिलं ते दुसऱ्या रंगाने लिहायचं. तोच धडा दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने, मग महिन्याने, दर वेळी पुस्तक मिटूनच. सलग अडीच तास बसण्यापेक्षा पाऊण पाऊण तास आणि मध्ये जरा पडवीत फिरून येणं बरं.

तिसरं म्हणजे चुकांची वही. चाचणीत जे चुकलं ते बरोबर करून लिहायचंच, पण शेजारी *का* चुकलं तेही लिहायचं, एकक विसरले, वर्ग करायला विसरले, प्रश्न नीट वाचला नाही असं. महिन्याभरात दिसतं की आपण त्याच दोन तीन चुका परत परत करतोय. माझ्या वहीत अकरा वेळा एकच वाक्य होतं, सेमी चे मीटर आधी केले नाहीत.

सेमी इंग्रजीच्या मुलांचं अजून एक दुखणं असतं, वस्तू ओळखीची पण शब्द अनोळखी. वहीच्या मागे जोड्या लिहून काढायला सांगा, वस्तुमान म्हणजे मास, घनता म्हणजे डेन्सिटी, आकारमान म्हणजे व्हॉल्यूम, चंचुपात्र म्हणजे बीकर, मोजपात्र म्हणजे मेझरिंग सिलिंडर, तानकाटा म्हणजे स्प्रिंग बॅलन्स. मराठीतून आधी समजून घ्यायचं, मग इंग्रजीतून लिहायचं, यात कमीपणा काही नाही, मी अजून असंच करते.


चिपळूणकर

वरच्या दोघांचं पटतंय पण एक बोलतो, पाठांतराला एवढं नावं ठेवू नका. किलो हेक्टो डेका आम्हाला पाठ होतं म्हणून आज पंचेचाळीसाव्या वर्षी पण पटकन सांगता येतं. पाढे पाठ नसतील तर त्या चौकोनाचं शंभर गुणिले शंभर तरी कसं करणार? मुलीने पाठ केलंय ते फुकट गेलं असं तिला वाटायला नको एवढंच.


निवृत्त मास्तर (राजापूर)

चिपळूणकर, बरोबर बोललात, मी घाईत तसं लिहिलं असेन. पाठांतर हवंच. फक्त त्या सात शब्दांच्या प्रत्येक पायरीवर एक ओळखीची वस्तू बसवली पाहिजे. मिलीमीटरवर पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ, सेंटीवर करंगळीचं नख, डेसीवर तळहाताची रुंदी, मीटरवर दाराची अर्धी उंची, डेकावर, ताई तुमच्याकडे बाग आहे ना, डेकावर एका गुंठ्याची बाजू. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०.०६ मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं, आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, त्यामुळे आर आणि गुंठा जवळपास सारखेच, एका चौरस मीटरचा फरक. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. सातबारा कपाटातून काढून तिच्या पुढ्यात ठेवा, त्यापेक्षा चांगलं गणिताचं पुस्तक नाही.


तांडेल (मालवण)

सध्या पावसाळी मासेमारीबंदी आहे, होडी वर काढून शाकारलीय म्हणून वाचायला वेळ आहे. मी फार शिकलेला नाही पण मापाचं मला विचारा. आमचे आजोबा पाण्यात दोरी सोडायचे आणि दोन्ही हात पसरून ओढून घ्यायचे, एक पसर म्हणजे एक वाव. पाच वाव पाणी आसा, एवढं बोलले की सगळ्यांना कळायचं. वाव म्हणजे सहा फूट धरा, १.८ मीटरच्या वर थोडं. आता मशीन आलंय, पडद्यावर खोली दिसते, पण ती फुटात, मीटरमध्ये की वावेत ते आपण लावायचं असतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्याची होडी दोन दिवसांसाठी चालवायला घेतली होती, पहाटेची वेळ, ओहोटी लागलेली, खाडीच्या तोंडाशी आत येत होतो. पडद्यावर आठ दिसत होतं. मी माझ्या होडीच्या सवयीने मीटर समजलो आणि निवांत होतो. आठ आहेत तर भरपूर पाणी. एकदम खालून खर्रकन आवाज आला, सगळी होडी हादरली, पुढचा पोरगा जाळ्यावर पडला. ते मशीन फुटावर लावलेलं होतं. आठ फूट, म्हणजे अडीच मीटर पण नाही, आणि लाटेच्या पोटात त्याहून कमी. नशीब वाळू होती, खडक असता तर तळ फाटला असता. पंखा वाकला, खर्च गेला तो गेला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही होडीवर चढलो की आधी ते बारीक अक्षर बघतो आणि बरोबरच्या पोरांना आकडा मोठ्याने सांगताना माप पण बोलायला लावतो, नुसतं आठ बोललेलं मी ऐकून घेत नाही. तुमच्या पोरीला सांगा ताई, मास्तर अर्धा मार्क कापतात ते बरोबर करतात.

आणि एक, तिला दोन्ही हात पसरून टेपने मोजायला सांगा आणि मग तिची उंची मोजा. जवळजवळ सारखीच येते. तिची तिची वाव तिला मिळेल.


दापोलीकर

पाऊस चालू आहे तर त्याचा उपयोग करून घ्या. एक सरळ उभ्या भिंतीचा डबा घ्या, वर निमुळता किंवा खाली बारीक नको, तोंड आणि तळ सारखा हवा. उघड्यावर ठेवा, छपराची पागोळी आणि झाडाची थेंबगळ त्यात पडता कामा नये. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतल्या पाण्याची उंची मिमी मध्ये मोजायची, लिहायची, डबा रिकामा करून परत ठेवायचा. हवामान खातंही सकाळी साडेआठचाच हिशोब धरतं त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या आकड्याशी ताडून बघता येतं, गावागावात फरक पडतो तोही तिला दिसेल. डबा लहान असो की मोठा, उंची तेवढीच येते, ती का, हा प्रश्न तिला विचारा आणि उत्तर सांगू नका, दोन आकाराचे डबे शेजारी ठेवू दे.

मग पुढचं. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला तर बरोबर १ लिटर पाणी होतं. तुमच्या घराचा पाया ६० चौरस मीटर असेल आणि एका दिवसात १०० मिमी पडला तर छपरावर ६,००० लिटर पडले. इथे उतरतं कौलारू छप्पर असलं तरी कौलांचं क्षेत्रफळ धरायचं नाही, खाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते तेवढीच धरायची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, त्याचं गणित तिने एकदा करावं आणि मग एप्रिलमध्ये विहिरीत डोकावावं. मला स्वतःला हे गणित केल्यावर रात्री झोप लागली नव्हती, एवढं पाणी आपल्या डोक्यावरून समुद्रात जातं आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो.


लॅबमधली (रत्नागिरी)

दापोलीकर काकांच्या डब्यावरून आठवलं, वाचताना डोळा पाण्याच्या पातळीसमोर आडवा हवा, वरून वाकून बघितलं तर आकडा वेगळा दिसतो. प्रॅक्टिकलला यावर हमखास मार्क जातात. मोजपात्रात पाणी कडेला जरा वर चढलेलं असतं, मधला खालचा भाग असतो तो वाचायचा. आणि पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर शून्यापासून न मोजता १ पासून मोजायचं आणि एक वजा करायचा. डब्यात उभी करताना मात्र बघा, बऱ्याच पट्ट्यांचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, तेवढं मिळवावं लागेल.


सड्यावरची आई (देवगड तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. सोळा दिवस झाले, काय काय झालं ते सांगते.

पडवीत रांगोळीने चौकोन काढला, तसे पंचवीस मावतात का म्हणून मोजायला गेली तर आमच्या पडवीत सातच मावले. मग तिने स्वतःच जाऊन तो चाचणीचा पेपर आणला आणि २५ वर काट मारून ०.२५ केलं, मी काही बोलले नाही. आपली वाव १ मीटर ४९ सेमी आणि उंची १ मीटर ५० सेमी, हे घरात आलेल्या प्रत्येकाला सांगून झालंय, आता आल्या गेल्याला हात पसरायला लावते. सासूबाईंची पायली तीन वेळा मोजली, तिन्ही वेळा वेगळं आलं, शेवटी सासूबाई म्हणाल्या अगो तू तांदूळ दाबून भरतंस, हलक्या हाताने भर, मग दोनदा सारखं आलं.

पण मला सांगायचंय ते चिऱ्याचं. परवा रात्री जेवताना ह्यांना म्हणाली बाबा एक चिरा किती किलोचा असतो. ते म्हणाले कोण तोलतंय, उचलतो तेवढं माहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अंगणातल्या चिऱ्याला टेप लावली, ३७ सेमी, २२ सेमी, १७ सेमी. गुणाकार केला, १३,८३८ घन सेमी, म्हणजे जवळजवळ चौदा लिटर. मग त्याच चिऱ्याचा एक लहान तुकडा घेतला, तो वजनकाट्यावर ठेवला, मग मापाच्या भांड्यात पाण्यात बुडवून पाणी किती चढलं ते बघितलं, आणि एका घन सेमीला दोन ग्रॅमच्या जरा वर अशी घनता काढली, एककासकट लिहिलीय हो! आणि अंदाज सांगितला, २८ ते ३० किलो. ह्यांनी आंब्याच्या वखारीतल्या काट्यावर तो चिरा नेऊन ठेवला. २९ किलो ४०० ग्रॅम. ते काट्यासमोर उभेच राहिले थोडा वेळ, म्हणाले वीस वर्षं उचलतोय हे मी.

पुस्तक मिटून लिहायचं मात्र अजून जड जातंय तिला, पहिल्यांदा रडली की मला काहीच येत नाही म्हणून. आता दोन दिवसांनी परत लिहिलं तेव्हा जरा जास्त आठवलं. पुढची चाचणी ऑगस्टमध्ये आहे.

एक प्रश्न. तिला समुद्राचं पाणी आणि विहिरीचं पाणी एक एक लिटर तोलून फरक बघायचाय. वखारीतला काटा १० ग्रॅमपर्यंतच दाखवतो. तेवढा चालेल का?


लॅबमधली (रत्नागिरी)

काकू चिऱ्याचं वाचून काटाच आला अंगावर!! तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

एका लिटरला त्या काट्यावर नीट कळणार नाही. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं, म्हणजे फरक फक्त २५ ग्रॅमचा, आणि काटा १० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणार. त्यात सध्या पावसाचं गोडं पाणी किनाऱ्याला मिसळलेलं असतं, खाडीजवळून घेतलंत तर फरक अजून कमी येईल. म्हणून पाच लिटरचा एकच कॅन घ्या, दोन्ही पाण्यांना तोच वापरायचा, आधी रिकामा तोलायचा, मग काठोकाठ भरून बूच लावून बाहेरून पुसून तोलायचा. फरक पाचपट दिसेल. शक्य असेल तर आत्ता एकदा करा आणि डिसेंबरात त्याच जागेचं पाणी घेऊन परत करा. समुद्र खवळलेला आहे तेव्हा पाणी आणायला तिला एकटीला पाठवू नका, कुणीतरी मोठं माणूस सोबत जाऊ दे. आकडे आले की इथे टाका.